रविवारचं रीडिंग

प्रिय ठकूबाई,

हाताने लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन का नाही केला म्हणशील, तर माझा फोन माझा राहिलाय कुठे? तो हल्ली तुझ्या बाबांच्या खिशात असतो. मेसेज करावा, तर तुझं उत्तर माझ्याआधी तेच वाचणार. म्हणून दुकानात बसून लिहितेय. समोर एका गिऱ्हाइकाचा सोफा पोट फाडल्यासारखा उघडा पडलाय, स्प्रिंगा वर आल्यात, त्याचं कापड मशीनवर तसंच अर्धवट टाकलंय आणि कागद पुढे ओढलाय. अक्षराला नावं ठेवू नकोस, शिवण सरळ येते तेवढं पुरे.

गेल्या रविवारी बाबा पाणी प्यायला उठले तेव्हा तू मला हळूच म्हणालीस की, आई, बाबांच्या आकड्यांचा मला काही ताळमेळच लागत नाही. लागणार नाहीच, बाई. मलाही कितीतरी दिवस लागत नव्हता, आणि मी तर विमानातली अगदीच अडाणी. मला फोम कळतो, कॅनव्हास कळतं, कुठल्या खुर्चीत माणूस किती रुतेल ते बघून सांगता येतं. पण जे कळलंय ते एकदम सांगितलं तर तू म्हणशील आईचं डोकं फिरलं. तेव्हा पहिल्यापासून सांगते, माहीत असलेलंही परत सांगेन, कंटाळू नकोस.

तू नोकरीसाठी गेलीस तेव्हा बाबा स्वतः बांधत असलेलं विमान म्हणजे नुसता सांगाडा होता. आता धावपट्टीच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते रंगरंगोटी करून उभं आहे. शेजारी शेजारी दोन सीट, दोन्हींच्या गाद्या मी शिवलेल्या. मागे पेट्रोलची टाकी, पुढे इंजिन. तपासनीस साहेब येऊन सगळं ठोकून वाजवून बघून गेले, सगळ्यावर सही केली आणि एका ठिकाणी घोडं अडलं. इंजिनाकडे पेट्रोल किती जोराने जातंय ते दाखवणारा तो काटा. इंजिन चालू केलं की तो हिरव्या पट्ट्यात छान उभा राहायचा आणि मग हळूहळू खाली घसरायचा. कधी घसरायचा, कधी नाही. जमिनीवर ठीक आहे, इंजिन बंद करून खाली उतरता येतं. वर असं झालं तर कुठे उतरणार? साहेब म्हणाले, हा काटा जागेवर राहीपर्यंत माझी सही मागू नका. आणि इकडे बाबांना विमान उडवायला लागणारं डॉक्टरांचं प्रमाणपत्र ही थंडी संपेपर्यंतच चालणार. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी डोळे बघितले, साखर बघितली आणि सरळ सांगितलं की काका, हे शेवटचं समजा. म्हणजे इतकी वर्षं ज्या विमानापायी ह्यांनी सुट्ट्या घालवल्या, बोटं कापून घेतली, माझी शिवणकामाची चांगली कात्री पत्र्यावर चालवली, ते एकतर या थंडीत उडणार, नाहीतर दुसरं कोणी उडवताना हे खाली उभे राहून बघणार. हे तुला ह्यांनी सांगितलेलं नाही, मला माहीत आहे. ते सांगायचेही नाहीत.

आता तुमच्या दोघांच्या फोनबद्दल. राग मानू नकोस, पण तुझं आणि बाबांचं फोनवरचं बोलणं म्हणजे आजवर एकच वाक्य होतं. थांब, आईला देतो. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं आपलं थांब, आईला देतो. तू आजारी होतीस तेव्हाही तेच, तुला बढती मिळाली तेव्हाही तेच. फोन माझ्या हातात कोंबायचे आणि मग माझ्याभोवती घुटमळत राहायचे, ठेवला की विचारायचे, काय म्हणाली? मी म्हणायचे, तुम्हीच का नाही विचारलंत? तर म्हणायचे, तुमचं बायकांचं चाललं होतं. आता यावर काय बोलणार! मुलगी दूध पावडरीच्या कारखान्यात सगळी मीटरं, गेजं सांभाळते, वाफेचं प्रेशर हातावर मोजल्यासारखं सांगते, आणि बाप म्हणतो बायकांचं चाललं होतं.

म्हणून त्या पहिल्या रविवारी मी सहज तुला म्हटलं की बाबांचा काटा खाली बसतोय आणि त्यांचं तोंडही, आणि तू म्हणालीस, आई, बाबांना दे, तेव्हा मी फोन दिला खरा. म्हटलं आता ही काहीतरी सुचवणार, हे म्हणणार मला शिकवू नकोस, आणि होतं तेही जाणार. मी गॅसपाशी उभी राहून कान लावला. हे आधी हं, हूं करत होते. मग खुर्ची ओढून बसले. मग हात हलवायला लागले. माझं दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, पोरीला कळतं हं. जसं काही शेजाऱ्याच्या पोरीबद्दल बोलत होते.

पुढचं तुला माहीत आहे. तू म्हणालीस आधी काट्यावर विश्वास ठेवू नका, सेन्सरची अर्थिंगची वायर ढिली असेल. ह्यांनी नवी वायर ओढली. काटा घसरला. तू म्हणालीस त्याच नळीवर वायरीबियरीशिवाय चालणारा साधा गेज लावून बघा, दोघं एकच बोलतायत का. दोघं एकच बोलले आणि दोघं घसरले, म्हणजे काटा खोटा नव्हता, पेट्रोलच कमी पोचत होतं. मग फिल्टर साफ झाला. मग पंप बदलला. मग इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होत असेल म्हणून नळीला ते चंदेरी कापड गुंडाळलं, तेही माझ्याकडून शिवून घेतलं. शेडमधले ते दातांचे डॉक्टर, ज्यांचं स्वतःचं विमान दर आठवड्याला काहीतरी मागत असतं, ते येऊन रोज नवीन निदान करायचे आणि जाता जाता म्हणायचे, वहिनी, यापेक्षा अक्कलदाढ बरी. हसायचो सगळे. पण आतून सगळ्यांचीच मती गुंग झाली होती. कारण एक दिवस काटा खाली, एक दिवस जागेवर, आणि का ते कोणालाच सांगता येत नव्हतं. हवा बघावी, तर थंड दिवशीही घसरायचा. टाकी भरलेली असतानाही घसरायचा. एकदा तर मी शेडमध्ये पाय ठेवला आणि डॉक्टर म्हणाले, वहिनी आल्या की हा पडतोच, तुमची नजर लागते. मी म्हटलं माझी नजर लागायची असती तर ह्यांना लागली असती, सुधारले असते.

आता ऐक. डॉक्टर चेष्टेत बोलले ते खरं होतं, फक्त नजर नव्हे, वजन. कधी कधी बाबा मला उजव्या सीटवर बसवायचे, मी काटा वाचून ओरडून सांगायची, ते ब्रेक आणि इंजिन सांभाळायचे. ज्या दिवशी मी बसायची त्या दिवशी काटा घसरायचा. ते एकटे असले की जागेवर. टाकीत हवा जायला एक बारीक नळी असते, पेट्रोल बाहेर गेलं की त्याच्या जागी हवा आत यायला हवी, हे तुला मी काय सांगणार. ती नळी उजव्या सीटखालून जाते. आणि सीटखाली आधी प्लायवूडची फळी होती. तुला बाबांचं वजनाचं वेड माहीत आहे, माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ते स्क्रूसुद्धा मोजतात, एकदा कणकेत नट सापडला होता मला. तर हे वजन वाचवायला ती फळी काढून तिथे ताणलेलं कॅनव्हास लावलं. कॅनव्हास हळूहळू सैल पडतं, हे कोणाला माहीत असायला हवं होतं? मला. पण मला कोणी विचारलं नाही, आणि मी वरून गादी शिवून दिली, खाली काय आहे ते बघितलं नाही. मी बसले की कॅनव्हास खाली लोंबायचं आणि त्या नळीवर टेकायचं. नळी चेपायची, हवा बंद, पेट्रोल हळूहळू अडायचं. मी उतरले की सगळं ठीक. तुला हसू येत असेल. मलाही आलं. बायकोचं वजन सोडून बाकी सगळ्याचं वजन धरलं होतं ह्यांनी.

पण ठकू, हे मी शोधून काढलेलं नाही. हे ह्यांनीच शोधून काढलं, आणि मला सांगितलं नाही, तुलाही नाही, त्या साहेबांनाही नाही. मला कसं कळलं ते सांगते. गेल्या रविवारच्या तीन-चार दिवस आधी उजव्या गादीवर तेलाचा डाग पडला होता, खोळ धुवायला आणावी म्हणून मी एकटीच शेडवर गेले. हे बँकेत गेले होते. गादी उचलली तर सैल पडलेलं कॅनव्हास काढून कोपऱ्यात टाकलेलं, मधोमध नळीचा वळ उमटलेला. फळी परत बसवलेली, चांगली पॉलिश केलेली, आणि ती नळी बाजूच्या भिंतीवरून नेऊन चिमट्यांनी पक्की केलेली. सुबक काम, तुझ्या बाबांचंच. आणि त्या फळीवर धूळ बसलेली. कालपरवाची नाही, बोटाने रेघ ओढता येईल अशी. मी तिथेच सीटच्या कडेला टेकले. म्हटलं, हे सगळं दुरुस्त झालंय, आणि हा माणूस दर रविवारी पोरीला सांगतो की काटा आज परत खाली आला.

आधी मला वाटलं ह्यांना विसर पडायला लागलाय. घरी येऊन मी त्यांच्यावर पाळत ठेवली. किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवतंय, माझ्या भाचीच्या लग्नात कोण कोण जेवलं नाही तेही आठवतंय, माझी दहा वर्षांपूर्वीची चूक तर तोंडपाठ. विसर नाही. मग वाटलं घाबरलेत. इतकी वर्षं बांधलं, पण वर जायचं म्हटल्यावर धीर सुटला असेल, आणि पुरुषमाणसाला ते सांगता येत नाही. मी आडून आडून विचारलं. तर म्हणे, भीती कसली, साहेबांनी सही केली की त्याच दिवशी घेऊन जातो. खोटं बोलताना ह्यांचा कान लाल होतो, तुला माहीत आहे. कान लाल नव्हता. मग मला काही कळेना. विमान तयार, माणूस तयार, दिवस संपत चाललेत, आणि हा गृहस्थ एक फोन करून साहेबांना बोलावत नाही. तुम्हा शिकल्यासवरल्यांना कळेल कदाचित, माझं डोकंच चालेना. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम म्हटलं, चला, मी बसते उजवीकडे, काटा वाचते. नाही म्हणायला कारण सापडलं नाही ह्यांना. मी मुद्दाम पोटभर जेवून गेले होते. इंजिन पूर्ण जोरात, कितीतरी वेळ, माझे कान बसले, आणि काटा हिरव्या पट्ट्याच्या मधोमध, हलायचं नाव नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे समोर बघत होते. मग इंजिन बंद केलं आणि म्हणाले, आज नशीब चांगलं दिसतंय, उद्याचं काही सांगता येत नाही. तेव्हा मात्र कान लालबुंद होता.

आणि मग आला गेला रविवार. तुझा फोन येणार म्हणून हे सकाळपासून तयार. दाढी केली, ठकू. फोनवर बोलायला कोणी दाढी करतं का? टेबलाशी बसून माझ्याबरोबर मटार सोलत होते आणि मधूनच थांबून वर बघत होते, ओठ हलत होते. मला वाटलं काही पुटपुटतायत. मग लक्षात आलं, रीडिंग तयार करतायत! फार खाली आणलं तर पोरगी घाबरेल, कमी आणलं तर म्हणेल ठीक आहे. अगदी मुरलेला भाजीवाला भाव ठरवतो तसं चाललं होतं. फोन वाजला, ह्यांनी स्पीकरवर ठेवला, आणि सुरू झालं. आज थंड असताना खाली आला, गरम झाल्यावर वर गेला. तू म्हणालीस, असं कसं होईल, उलटं व्हायला हवं. हे म्हणाले, तेच तर! आणि काटा खाली आला हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला बघवेना. मी मटार तिथेच ठेवून बाल्कनीत गेले. खरं सांगते, मला रडू आलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस मला कळला असं मी समजत होते, आणि हे एवढं मोठं मला दिसलं नव्हतं. त्यांना भीती उडायची नाही. काटा जागेवर आला की परत थांब, आईला देतो सुरू होईल, त्याची भीती आहे. तुझ्याशी बोलायला ह्यांना बिघाड लागतो. बिघाडाशिवाय कसं बोलतात ते ह्यांना येतच नाही, आणि आता या वयात कोणाला विचारणार?

मी गप्प बसले असते, ठकू. चाललंय ते बरं चाललंय म्हणाले असते, माझा फोन ह्यांच्या खिशात गेला तर गेला. पण तुझा बिचारीचा काय दोष, खोट्या आकड्यांवरून तू तरी काय सांगणार, आणि शेवटी तू म्हणालीस की बाबा, आता एकच उरलंय, टाकीच बाहेर काढा आणि सगळी लाइन नवी टाका. आणि हे हो म्हणाले. चांगली उडायला उभी असलेली वस्तू हे फोडायला निघालेत. काल दातांच्या डॉक्टरांकडून मोठे पाने मागून आणले. टाकी काढायची म्हणजे मागचं सगळं अंग उघडायचं, परत जोडायचं, परत साहेबांची तपासणी, त्यात थंडी संपणार, आणि थंडीबरोबर ते प्रमाणपत्र. ते हिशेब न करता हो म्हणाले असं समजू नकोस. करूनच म्हणाले. विमान की तुझा फोन, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलंय, आणि विमान सोडलंय. मला ते बघवत नाही. त्यांना दोन्ही मिळायला हवं, आणि ते फक्त तुझ्या हातात आहे. म्हणून हे पत्र. मी लिहिलं हे त्यांना कधीच कळू देऊ नकोस, आणि तुला कळलंय हेही. लाजेने शेडवर जायचं सोडतील. येत्या रविवारी फोन करशील तेव्हा टाकी काढू नका म्हण. म्हण की मी आठवडाभर विचार केला, मला वाटतं टाकीत हवा जाणारी नळी कुठेतरी चेपत असेल, उजव्या सीटखाली बघा. ते म्हणतील बघतो. दुसऱ्या दिवशी तुला फोन येईल की पोरी, तू म्हणालीस तेच निघालं. त्यांना तुझी पाठ थोपटू दे, तूही हो म्हण. तुझ्या समाधानासाठी मला उजवीकडे बसवून खरंखुरं रीडिंग घ्यायला लाव, ते आता हिरव्यातच येईल. साहेबांची सही होईल, आणि एखाद्या स्वच्छ सकाळी हे वर जातील, मी खाली उभी राहीन आणि माझं मेलीचं काळीज तोंडात येईल, ते माझं मी बघेन. पण त्याच्या पुढच्या रविवारी, ठकू, सगळं जागेवर असताना, काहीही बिघडलेलं नसताना, तू फोन कर. हे उचलतील आणि सवयीने म्हणतील, थांब, आईला देतो. तेव्हा म्हण, नको, मला तुमच्याशीच बोलायचंय.

तुझीच, नको तिथे तोंड घालणारी,
आई